सारा ताकानाशीची कीव करू नका

मैदानाच्या कडेवरून : वाचकांचे प्रश्न, साप्पोरोहून उत्तरं

मागच्या एका अंकात मी साप्पोरोच्या ओकुरायामा टेकडीवर उन्हाळ्यात चालणाऱ्या स्की जम्पिंगच्या सरावाबद्दल लिहिलं होतं. बर्फ नसतो तेव्हा उतारावर प्लॅस्टिकच्या हिरव्या चटया अंथरतात, त्यांवर पाणी फवारतात आणि मुलंमुली तिथे उड्या मारतात, एवढंच. त्या दोन परिच्छेदांवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं फिरून फिरून एकाच बाईपाशी येतात, म्हणून हा सगळा अंक तिच्यासाठी.

प्रश्न : नातीने मोबाइलवर बीजिंग ऑलिम्पिकची जुनी चित्रफीत दाखवली. एक छोटीशी जपानी मुलगी उडी मारून खाली येते आणि तिथेच बसून हमसून हमसून रडते. नात म्हणाली, तिचे कपडे सैल होते म्हणून तिला बाद केलं. मला काही पटलं नाही. कोण ही मुलगी? तिचं पुढे काय झालं? पोरीची फार कीव आली.
(निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : बाई, तुम्ही पाहिलीत ती सारा ताकानाशी. तारीख ७ फेब्रुवारी २०२२, स्पर्धा मिश्र सांघिक. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होत होता. दोन पुरुष, दोन महिला, प्रत्येकाच्या दोन उड्या, सगळ्यांच्या गुणांची बेरीज. जपानकडून सुरुवात साराने केली. १०३ मीटर, अगदी हवी तशी उडी. खाली आल्यावर पोशाखाची तपासणी झाली. मांडीपाशी कापड नियमापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त भरलं आणि त्या उडीचे सगळे गुण गेले.

नातीने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं. या खेळात पोशाख सैल असला की कापडात हवा धरते आणि माणूस जास्त वेळ तरंगतो, म्हणून अंगाच्या मापापेक्षा कापड किती जास्त चालेल ते सेंटिमीटरमध्ये ठरलेलं असतं. नियम योग्यच आहे. पण त्या एका संध्याकाळी जपान, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि नॉर्वे या चार देशांच्या मिळून पाच जणी बाद झाल्या. पाचही बायका, पुरुष एकही नाही. त्यांच्यातल्या काहींनी नंतर उघडपणे सांगितलं की एरवी मोजतात तसं त्या दिवशी मोजलंच नाही. या पाचांत ऑस्ट्रियाची डानिएला इराश्को-श्टोल्झ होती, जिने २००३ साली कुल्मच्या टेकडीवर २०० मीटरची उडी मारली होती. त्याआधी जगातल्या कुठल्याच बाईने तेवढा पल्ला गाठला नव्हता. इतकी वर्षं या खेळात काढलेल्या बायकांना एकाच संध्याकाळी एकदम नियम कळेनासा झाला, हे मला आजही पटत नाही.

तुमच्या चित्रफितीत दिसते ती साराची दुसरी उडी. जपान आठव्या, म्हणजे शेवटच्या जागेवरून कसाबसा दुसऱ्या फेरीत पोहोचला होता आणि तिला पुन्हा वर जाऊन बसायचं होतं. जरा विचार करा. आपल्यामुळे तिघांचं पदक गेलं असं डोक्यात घोळतंय आणि तशा अवस्थेत ताशी नव्वदच्या आसपास वेगाने घसरत जाऊन हवेत अंग झोकून द्यायचंय. तिने ९८.५ मीटरची उडी मारली. नीट उतरली, थांबली, मग खाली बसली. संघातल्या र्‍योयू कोबायाशीने तिला मिठीत घेतलं. जपान आठव्यावरून चौथ्यावर आला. रडणं सगळ्यांनी पाहिलं, दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं. ती ९८.५ मीटरची उडी मात्र फारशी कुणी दाखवली नाही आणि मला त्याचाच राग आहे.

नंतर तिने इन्स्टाग्रामवर एक नुसता काळा चौकोन टाकला आणि खाली सगळ्यांची लांबलचक माफी मागितली. तिने कुणाचीही माफी मागायला नको होती. पोशाख शिवणं, मापं घेणं, तपासून देणं हे अख्ख्या संघाचं काम असतं. २०२५ च्या मार्चमध्ये ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या पुरुष संघाच्या पोशाखांत मुद्दाम, लपवून फेरफार केल्याचं उघड झालं आणि तिथल्या प्रशिक्षकाने ते कबूल केलं. याला लबाडी म्हणतात. साराचं प्रकरण त्यात बसत नाही.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. ‘कीव आली.’ बाई, इथे माझं तुमच्याशी जमत नाही. ती कोण आहे ते आधी ऐका.

जन्म ८ ऑक्टोबर १९९६, होक्काइदोतलं कामिकावा. दाइसेत्सुझान डोंगररांगेच्या पायथ्याचं, काही हजार वस्तीचं गाव. वडील स्वतः जम्पर, भाऊही. ती दुसरीत असताना उडी मारायला शिकली. याच गावचा मासाहिको हारादा. १९९४ च्या लिलेहामर ऑलिम्पिकमध्ये सांघिक सुवर्ण जपानच्या हातात होतं, हारादाची शेवटची उडी तेवढी राहिली होती. ती ९७.५ मीटरवर पडली आणि सोनं जर्मनीला गेलं. चार वर्षांनी नागानोत त्याची पहिली उडी हिमवादळात ७९.५ मीटरवर आटोपली, दुसरी १३७ मीटर गेली आणि जपानने सुवर्ण जिंकलं. त्या गावात वाढणाऱ्या पोरीला हा खेळ काय देतो आणि काय हिरावून घेतो ते कुणी वेगळं शिकवायला नको.

चौदाव्या वर्षी, २०११ मध्ये, ऑस्लोच्या जागतिक स्पर्धेत ती सहावी आली. ३ मार्च २०१२ ला जपानमधल्याच झाओ इथे तिने पहिली वर्ल्ड कप स्पर्धा जिंकली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढच्या हंगामात, सोळाव्या वर्षी, संपूर्ण वर्ल्ड कपची विजेती. वर्ल्ड कप म्हणजे आपल्या क्रिकेटसारखी चार वर्षांनी येणारी स्पर्धा नव्हे. हा सबंध हिवाळा चालतो, आज या देशात, पुढच्या शनिवारी त्या देशात, आणि शेवटी गुणांची बेरीज होते. ती बेरीज साराने चारदा जिंकली : २०१३, २०१४, २०१६ आणि २०१७.

सोची ऑलिम्पिक २०१४. त्या हंगामात तोवर झालेल्या १३ स्पर्धांपैकी १० तिने जिंकल्या होत्या. जपानमध्ये सुवर्ण गृहीत धरलेलं होतं, नुसतं उचलून आणायचं बाकी. ११ फेब्रुवारीच्या रात्री ती पहिल्या उडीनंतर तिसरी होती, दुसरीनंतर चौथी झाली. जर्मनीच्या कारीना फोग्टला २४७.४ गुण, साराला २४३. त्या टेकडीवर एका मीटरला दोन गुण. हिशेब करा : सोनं सव्वादोन मीटरवर होतं आणि फ्रान्सच्या कोलीन माटेलला मिळालेलं कांस्य जेमतेम एका मीटरवर. ती सतरा वर्षांची होती.

यानंतर इथे काय काय बोललं गेलं! हिचं मन कमकुवत आहे, मोठ्या दिवशी हिला जमत नाही. जरा मोठी झाली, चेहऱ्याला रंग लावू लागली, तर मेकअपकडे लक्ष आहे म्हणून हरते, असंही. मुलीच्या पराभवाचं कारण तिच्या आरशात शोधायची खोड सगळीकडे सारखीच.

२०१८ ला प्योंगचांगमध्ये तिने दोन्ही उड्या १०३.५ मीटर मारल्या आणि कांस्यपदक घेतलं. वर नॉर्वेची मारेन लुंडबी आणि जर्मनीची काथारिना आल्टहाउस. त्याच मार्चमध्ये ओबर्स्टडॉर्फला वर्ल्ड कपमधला चौपन्नावा विजय. तोपर्यंत कुणाही जम्परच्या नावावर, पुरुष धरून, सर्वाधिक विजय होते ५३, ऑस्ट्रियाच्या ग्रेगोर श्लिरेनझाउअरचे. तिने ते मागे टाकलं. आज तिचे विजय आहेत ६३, आणि शंभरहून जास्त वेळा ती पहिल्या तिघींत आलेली आहे.

एक आक्षेप मला माहीत आहे, इथले जाणकारही तो घेतात. सुरुवातीच्या वर्षांत महिलांच्या स्पर्धेत फार खेळाडू नव्हत्या, म्हणून तिला सोपं गेलं, असं म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. मग खेळ वाढला, नॉर्वे आणि स्लोव्हेनियातून एकीपेक्षा एक मुली आल्या आणि सारा मागे पडू लागली. माझ्या लेखी तिची खरी कारकीर्द इथून सुरू होते. चार वेळची विजेती प्योंगचांगनंतर पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसली. वरच्या दांडीवरून सुटायचं कसं, घसरताना वजन तळपायात कुठे ठेवायचं, इथपासून तिने तंत्र मोडून पुन्हा बांधायला घेतलं. ते हंगाम तिच्या मानाने कोरडे गेले. पण २०२१ च्या जागतिक स्पर्धेत लहान टेकडीवर कांस्य आणि महिलांसाठी पहिल्यांदाच ठेवलेल्या मोठ्या टेकडीवर रौप्य मिळालं.

आणि बीजिंगनंतर? त्याच हंगामात, मार्चमध्ये, ती वर्ल्ड कपमध्ये पुन्हा पहिली आली. तुम्ही पाहिलेल्या त्या रडण्यानंतर महिनाभराने. नातीला हेही सांगा.

प्रश्न : ताई, इतक्या उंचावरून उडी मारताना त्यांना भीती नाही वाटत? आणि पाय कसे मोडत नाहीत?
(इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : भीती वाटते गं. पण टीव्हीवर दिसतं तितक्या उंचावर त्या नसतात.

ही गोष्ट मला ओकुरायामाच्या कठड्याला टेकून उभी राहिले तेव्हा कळली. टीव्हीचा कॅमेरा समोरून किंवा खालून बघतो, म्हणून वाटतं की माणूस ढगातून चाललाय. बाजूला उभी राहिलीस तर दिसेल की जम्पर उताराला समांतर जाते. ती खाली येते तसा उतारही तिच्याखाली खाली जात असतो. पाय आणि जमीन यांच्यात फार तर काही मीटरच असतात. आणि उतरते तिथे जमीन सपाट नसून चांगली खडी असते, त्यामुळे धक्का सरळ गुडघ्यात बसत नाही, ती उतारावरून पुढे घसरत जाते. उडी फार लांब गेली आणि उतार सपाट होऊ लागतो तिथे उतरली, तर मात्र धोका खरा. अमेरिकेची सारा हेंड्रिक्सन २०१३ ची जगज्जेती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओबर्स्टडॉर्फला सरावात १४८ मीटर गेली आणि तिचा गुडघा फाटला. सहा महिन्यांवर सोची होतं. ती तिथे उतरली आणि ऑलिम्पिकच्या इतिहासातली महिलांची पहिली उडी तिचीच, कारण तिचा क्रमांक एक होता.

आता बघायचं काय ते सांगते. वर एक आडवी दांडी असते, तिच्यावर ती बसते. खाली कठड्याशी प्रशिक्षक झेंडा घेऊन उभा असतो आणि वाऱ्याचा अंदाज घेत असतो. झेंडा खाली आला की ती सुटते. धावपट्टीला दोन खाचा असतात, त्यात स्की बसवून, छाती मांडीला टेकवून ती घसरते, ताशी ८५ ते ९० किलोमीटरच्या घरात. टोकाला पोहोचते तेव्हा उठून झेप घ्यायला सेकंदाचा तिसरा हिस्साही मिळत नाही. आणि हे टोक वर वळलेलं नसतं, थोडं खालीच कललेलं असतं. म्हणजे टोक तिला वर फेकत नाही, उसळी सगळी तिच्या पायांची. हवेत दोन्ही स्की इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडतात, शरीर त्यांच्यावर जवळजवळ आडवं. डोक्यावरून जाताना जाड कापड टर्रकन फाडल्यासारखा आवाज येतो. टीव्हीवर तो येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वाऱ्याचं गणित आपल्या समजुतीच्या उलटं. पाठीमागून वारा आला तर तो जम्परला खाली दाबतो. समोरून, उताराच्या खालून येणारा वारा तिला उचलतो. म्हणून आता वाऱ्याप्रमाणे गुण वाढवतात आणि कापतात.

अंतर झालं की उतरण्याचे गुण. पाच पंच, प्रत्येकाकडे वीस गुण, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी बाजूला काढून उरलेल्या तिघांचे धरतात. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, याला टेलिमार्क म्हणतात. साराचं दुखणं नेमकं इथे आहे. ती १५२ सेंटिमीटर उंचीची, हलकी, इतरांपेक्षा पुढे तरंगत जाते आणि जितकं पुढे जावं तितका टेलिमार्क करणं अवघड. अंतरात मिळवलेलं ती पंचांकडे घालवते. वर्षानुवर्षं ती याच एका गोष्टीवर काम करतेय. पुढच्या वेळी तिचे पाय बघ, अंतराचा आकडा नंतर बघ.

आणि हो, कुणी थेट मोठ्या टेकडीवर जात नाही. लहान मुलं पाच-दहा मीटरच्या उंचवट्यावरून सुरुवात करतात.

प्रश्न : आपण मागे लिहिलंत की महिलांना हा खेळ ऑलिम्पिकमध्ये २०१४ पासूनच मिळाला. पुरुषांना १९२४ पासून आहे. नव्वद वर्षं थांबण्यामागे काही वैद्यकीय कारण असणारच ना?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नव्हतं. तसं सांगितलं मात्र जायचं. २००५ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष जान फ्रांको कास्पर म्हणाले होते की वैद्यकीय दृष्टीने हा खेळ बायकांना योग्य वाटत नाही. तेव्हा इराश्कोच्या २०० मीटरच्या उडीला दोन वर्षं होऊन गेली होती! आणि बायका उड्या मारत होत्या त्या काही काल-परवापासून नाही. ऑस्ट्रियाच्या किट्झब्युलची पाउला लांबर्ग नावाची सरदारकन्या १९११ मध्ये लांब घागरा घालून २२ मीटर गेली होती.

ऑलिम्पिक समितीने २००६ मध्ये अर्ज फेटाळला, कारण दिलं की जगात अशा खेळाडूच पुरेशा नाहीत. व्हँकुव्हर २०१० च्या आधी पंधरा महिला जम्पर कॅनडात कोर्टात गेल्या. त्यांच्यात अमेरिकेची लिंडसी व्हॅन होती. ही २००९ ची, म्हणजे महिलांची पहिलीवहिली जगज्जेती. ज्या टेकडीवर ऑलिम्पिक होणार होतं, त्या व्हिसलरच्या लहान टेकडीचा विक्रम तिच्या नावावर होता : १०५.५ मीटर, स्त्री-पुरुष दोघांत मिळून. जुलै २००९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव आहे, पण ऑलिम्पिक समिती कॅनडाच्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. अपीलही फेटाळलं. टेकडीवर विक्रम हिचा आणि स्पर्धेत हिला प्रवेश नाही, हे मला कुणी पटवून द्यावं.

एप्रिल २०११ मध्ये दार उघडलं. सोचीत लिंडसी व्हॅन उतरली तेव्हा २९ वर्षांची होती, पंधरावी आली. तिची सर्वोत्तम वर्षं कोर्टात आणि वाट बघण्यात गेली. साराची गंमत अशी की दार उघडलं तेव्हा ती चौदाची होती. सगळं वेळेवर मिळालेली पहिली पिढी तिची.

अजूनही सगळं मिळालेलं नाही. जम्पिंग आणि स्की-धाव मिळून होणाऱ्या नॉर्डिक कम्बाइन्ड प्रकारात २०२६ च्या ऑलिम्पिकलाही महिलांची स्पर्धा नाही. मोठ्या टेकडीवरची महिलांची स्पर्धा मात्र या वेळी पहिल्यांदा आहे. आणि २०० मीटरच्या पलीकडे नेणाऱ्या महाकाय टेकड्या, ज्यांवरच्या उडीला स्की फ्लाइंग म्हणतात, त्या महिलांना वर्ल्ड कपसाठी मिळाल्या मार्च २०२३ मध्ये, नॉर्वेतल्या विकरसुंडला. स्लोव्हेनियाची एमा क्लिनेत्स तिथे २२६ मीटर गेली. दोन वर्षांत तिच्याच देशाच्या निका प्रेव्त्सने तो आकडा २३६ वर नेला. ‘वैद्यकीय दृष्टीने’ दोघीही ठणठणीत आहेत.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्स करते. प्रशिक्षक म्हणतात तीन किलो कमी कर. ती जेवताना रडते. तुमचा लेख वाचून तिने शोधलं तर स्की जम्पिंगवाल्याही उपाशी राहतात म्हणे. खेळ म्हटला की हे चालायचंच का?
(एक आई, पुणे)

उत्तर : नाही. हे पत्र मी बरेच दिवस बाजूला ठेवलं होतं, घाईत उत्तर द्यायचं नव्हतं.

मुलीने वाचलं ते खरं आहे. हलकं शरीर लांब जातं, त्यामुळे या खेळाने कितीतरी मुलामुलींना अर्धपोटी ठेवलं. मग नियम केला गेला : स्कीची लांबी उंचीच्या जास्तीत जास्त १४५ टक्के, आणि उंचीच्या मानाने वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलं तर स्की आखूड. म्हणजे साराला फार तर २२० सेंटिमीटरची स्की वापरता येते, आणि वजन घटवलं तर तीही नाही. कामिकावाचा तो हारादा, त्याला २००६ च्या तुरीन ऑलिम्पिकमध्ये वजन २०० ग्रॅम कमी भरलं म्हणून बाद केलं होतं. नियम इतका काटेकोर आहे, तरी दुखणं पूर्ण गेलेलं नाही.

तुमच्या मुलीला मारेन लुंडबीची गोष्ट सांगा. प्योंगचांगची सुवर्णविजेती, लागोपाठ तीनदा वर्ल्ड कपची विजेती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिने नॉर्वेच्या टीव्हीवर येऊन सांगितलं की माझं शरीर बदललंय, वजन वाढलंय, आणि ते कमी करण्यासाठी जे टोकाचं करावं लागेल ते मी करणार नाही. बीजिंग ऑलिम्पिक चार महिन्यांवर होतं. सुवर्णपदक राखायची संधी तिने सोडली. पुढच्या हंगामात ती परत स्पर्धेत उतरली. अव्वल दर्जाच्या खेळाडूने हे सगळ्यांसमोर बोलणं किती अवघड असेल ते तुमच्या मुलीला आपल्यापेक्षा जास्त कळेल.

आता व्यवहाराचं. वाढत्या वयाच्या मुलीचं वजन कमी करायचं की नाही, हे प्रशिक्षकाने ठरवायचं नसतं. तिला डॉक्टरकडे न्या. पाळी सुरू झाली असेल आणि मध्येच थांबली असेल तर आजच न्या. प्रशिक्षकांना शांतपणे विचारा की तीन किलो हा आकडा कुठून आला, कुणी काय मोजलं. सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करत असतील तर क्लास बदला, त्या वर्षीची स्पर्धा बुडली तरी बुडू द्या. आणि घरी ताटावर वजनाचा विषय काढू नका, आजीलाही सांगून ठेवा. हे मी खेळावर माया असणारी बाई म्हणून सांगतेय.

प्रश्न : एवढं करून या खेळात पैसा आहे का? आणि ही स्पर्धा आपल्याला कुठे, कधी बघता येईल?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : फुटबॉल-टेनिससारखा पैसा नाही. जपानमध्ये कंपन्या खेळाडूंना पदरी ठेवतात, आपल्याकडे रेल्वे, पोलीस किंवा बँका कबड्डीच्या खेळाडूंना नोकरी देतात तसंच काहीसं. सारा कुरारे या रसायनं आणि धागे बनवणाऱ्या कंपनीकडून खेळते. इथे वर्तमानपत्रात तिच्या नावाशेजारी कंसात कंपनीचं नाव येतं. पगार चालू राहतो म्हणून कोरड्या हंगामातही तंत्र मोडून बांधत बसता येतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या मुलींच्या बाबतीत प्रायोजक पहिल्या पराभवानंतरच फोन उचलेनासे होतात.

मुलीला शिकवायचं मनात असेल तर आधी बर्फावरचं साधं स्कीइंग. ते गुलमर्गला आणि उत्तराखंडात औलीला शिकता येतं.

बघायचं असेल तर फेब्रुवारी २०२६. मिलानो-कोर्टिना ऑलिम्पिकमधलं जम्पिंग इटलीतल्या प्रेदाझ्झो गावच्या टेकड्यांवर आहे. महिलांची लहान टेकडीची स्पर्धा ७ तारखेला, तिथल्या संध्याकाळी. इटली हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतील. दुपारी थोडं झोपून घ्या. प्रेदाझ्झो साराच्या ओळखीचं आहे : २०१३ ला, सोळाव्या वर्षी, तिने तिथेच जागतिक स्पर्धेत वैयक्तिक रौप्य आणि मिश्र सांघिक सुवर्ण जिंकलं होतं. मिश्र सांघिक याही वेळी आहे. पोशाखाची तपासणीही असेल, आणि निकाल फलकावर पक्का होईपर्यंत टीव्ही बंद करू नका.